कॉलेजातला कच्चा बास्केटबॉलपटू पुढे किती जाईल, हे कसं पारखावं

माटुंग्यात आंतरमहाविद्यालयीन सामना चालू होता. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली, पोरांनी गोणपाटं घेऊन कोर्ट पुसलेलं. एका कॉलेजच्या सहा फूट पाच इंचांच्या मुलाने रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, छान घेतला आणि बॉल थेट कमरेपर्यंत खाली आणला. पाच फूट आठचा गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा चपळ खेळाडू, आला आणि त्याच्या हातातून बॉल काढून घेऊन गेला. अर्ध्या तासात हे चौथ्यांदा होत होतं. शेजारी बसलेले एक जुने प्रशिक्षक म्हणाले, "हाईट आहे, बाकी काही नाही."

मीही वही मिटायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्याच मुलाने एक शॉट अडवायला उडी मारली. ती हुकली. पण त्याच्याबरोबर उडालेले दोघे जमिनीवर सावरत होते तोवर हा दुसऱ्यांदा वर गेला होता आणि बोटांच्या टोकांनी त्याने बॉल आपल्या गार्डकडे ढकलला होता. मी वही पुन्हा उघडली.

असा मुलगा मुंबईत दर हंगामात दोन-तीन कॉलेजांत तरी दिसतो. अकरावीपर्यंत व्हॉलीबॉल किंवा काहीच खेळलेला नसतो, उंची बघून कोणीतरी कोर्टवर आणलेला असतो. त्याला बघून एक तर लोक हरखून जातात, नाहीतर दहा मिनिटांत मोडीत काढतात. दोन्हीत त्या पोराचं नुकसान होतं. कॉलेजचे क्रीडाशिक्षक, क्लबमधले सिनिअर खेळाडू आणि पालक यांना उपयोगी पडेल अशी माझी पद्धत इथे मांडतो.

आधी ठरवा, पुढे म्हणजे कुठे

'प्रो होईल का?' या प्रश्नाला मुंबईत तीन वेगवेगळे अर्थ आहेत. पहिला आणि सगळ्यात खरा म्हणजे खेळाडू म्हणून नोकरी: रेल्वे, आयकर, कस्टम्स, सेनादल, बँका आणि सार्वजनिक कंपन्या. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन्हींची मुख्यालयं याच शहरात आहेत. दुसरा अर्थ देशातल्या लीगचा. यूबीए २०१५ साली सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. आयएनबीएल २०२२ पासून आहे. हंगाम छोटा असतो, त्यावर वर्षभराचं घर चालवायचा विचार सध्या करू नये. तिसरा अर्थ परदेश.

परदेशाचं स्वप्न दाखवण्याआधी दोन नावं लक्षात ठेवा. सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या कार्यक्रमात, डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मलेला तो पहिलाच. पण एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. प्रिन्सपाल सिंग एनबीए अकादमी इंडियातून जी लीगच्या (एनबीएच्या खालच्या पातळीची लीग) इग्नाइट संघात गेला आणि २०२१ ची समर लीग (एनबीए संघांच्या नवख्या खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात होता. हे दोघे पोरसवदा वयातच पूर्ण वेळच्या अकादमीत दाखल झालेले. सतराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या आपल्या मुलासाठी पहिली पायरी राज्याचा संघ हीच आहे.

रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयाची अट १८ ते २५ असते, आणि तिथे नॅशनलमधल्या व आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या कामगिरीला वजन असतं. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाकडे पाच-सहा हंगाम आहेत. बाविशीतल्याकडे जेमतेम तीन. पारख करताना हे घड्याळ डोळ्यांसमोर हवं.

दोन वयं विचारा

एक जन्माचं वय. ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून बघा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. दुसरं बास्केटबॉलचं वय: बॉल पहिल्यांदा हातात कधी घेतला, तेव्हापासून आठवड्यातून किती दिवस, आणि शिकवायला कोण होतं?

नागपाड्यातला मुलगा आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून मोठ्यांच्या खेळाच्या कडेला उभा असतो. याच नागपाड्यातून आलेले अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या पोराला पास कुठून येणार हे कोणी वेगळं शिकवत नाही, ते बघून बघून अंगात मुरतं. आपला डोंबिवलीचा उंच मुलगा सतराव्या वर्षी कोर्टवर आला. दोघांना एकाच मापाने मोजलं तर दुसरा मूर्खच दिसणार. त्याची समज कमी आहे की त्याने खेळ पुरेसा पाहिलेलाच नाही, हे वेगळं काढणं हेच पारखणाऱ्याचं काम.

उशिरा आलेले वर गेल्याची उदाहरणं आहेत. हकीम ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, पंधराव्या वर्षाच्या सुमारास बास्केटबॉलकडे वळला आणि १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. पास्कल सियाकाम कॅमेरूनमध्ये धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत होता. तो २०१६ ला २७ व्या क्रमांकावर गेला आणि २०१९ ला टोरांटोसोबत विजेता झाला. आणि उलटही आहे. सात फूट तीन इंचांचा हशीम थबीट २००९ ला दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, पण २०१४ नंतर एनबीएत दिसला नाही. कच्चेपणा म्हणजे गुण, असा उलटा गैरसमजही करून घेऊ नका.

भिंत, खडू आणि टेप

कार्यक्रमपत्रिकेत छापलेली उंची विसरा, ती बुटांसकट आणि उत्साहासकट असते. अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजा. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी मोजा. मग हातांचा पसारा घ्या: पाठ भिंतीला, दोन्ही हात आडवे, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. शेवटी बोटांना खडू लावून उभ्याने पोहोच आणि उडीची पोहोच.

साधारण माणसाचा पसारा त्याच्या उंचीइतकाच असतो. आमच्या मुलाची उंची १९५ सेंटिमीटर, पसारा २०६, उभ्याने पोहोच २६०. रिंग ३०५ सेंटिमीटरवर आणि बोर्डाची खालची कड २९० वर. हे आकडे जुळवले की तो कोणत्या उंचीवर खेळतो ते कळतं. उंची तुम्हाला दारात उभं करते, खेळताना कामाला येतो तो पसारा. एनबीएतल्या सहा फूट सात इंचांच्या कवाय लेनर्डचा पसारा सात फूट तीन इंच आहे.

आता या मापांवरून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारा: वरच्या पातळीवर हा कुठल्या जागी खेळणार? कॉलेजात १९५ सेंटिमीटरचा मुलगा रिंगखाली उभा राहून वीस पॉइंट काढतो, कारण समोरचा सेंटर १८२ चा असतो. सिनिअर नॅशनलला समोर दोन मीटरच्या वरची माणसं येतात. तिथे याला विंगवर, म्हणजे रिंगपासून लांब कोर्टच्या बाजूला, खेळावं लागेल. म्हणून रिंगखालचे वीस पॉइंट बाजूला ठेवा आणि विंगच्या चाचण्या घ्या. त्याला तीन पॉइंटच्या रेषेवर, म्हणजे ६.७५ मीटरवर, चपळ गार्डसमोर डिफेन्सला उभं करा. दहा वेळा. बास्केट झाली की नाही ते लिहू नका, त्याची कंबर खाली राहते का आणि पहिल्या दोन पावलांत तो समोर टिकतो का, एवढंच लिहा. आमचा मुलगा पहिल्या दिवशी दहापैकी तीनदा टिकला. त्या उंचीच्या नवख्याला हे वाईट नाही.

हातांची चाचणी बहुतेक लोक घेतच नाहीत. वीस जोरदार पास द्या: गुडघ्यावर, कानाशेजारी, धावताना मागून, घामाने निसरडा झालेला बॉल. किती पकडले ते मोजा. पाय मजबूत करता येतात, शॉट सुधारता येतो, पण बॉल हातात चिकटणं फार थोडं सुधारतं. आमच्या मुलाने वीसपैकी सतरा पकडले. व्हॉलीबॉलमुळे असेल, पण त्याच दिवशी माझा अर्धा कौल त्याच्या बाजूने गेला.

उडीपेक्षा उतरणं बघा. गुडघे आत वळतात का? एकाच पायावर आपटतो का? मुंबईतली बहुतेक कोर्टं सिमेंटची आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय असं म्हणणाऱ्या मुलाला 'सहन कर' सांगू नका, फिजिओकडे पाठवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात, तेव्हा त्यांचं उतरणं आणखी बारकाईने बघा. अंगातली ताकद मात्र या वयात कमी असली तरी घाबरू नका. केव्हिन ड्युरंटला २००७ च्या चाचणीत १८५ पौंडांची बेंच प्रेस एकदाही जमली नव्हती, तरी तो दुसरा निवडला गेला.

सामना बघायचा कसा

किमान तीन सामने. एक तगड्या संघाविरुद्ध, एक त्याचा संघ हरत असताना, आणि शक्य असेल तर साधा सराव. पहिल्या हाफला बॉलकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. हे अवघड आहे, डोळा आपोआप बॉलमागे जातो, पण खेळाडू कळतो तो बॉल लांब असताना.

पलीकडच्या बाजूला पास गेला की याचे पाय पास हवेत असताना हलतात की पोहोचल्यावर? आपला माणूस सोडून मदतीला एक पाऊल टाकतो का, आणि टाकल्यावर परत येतो का? तोंडाने बोलतो का? बॉल गेल्यावर मान खाली घालून चालत येतो की वळून धावतो? आमचा मुलगा चारदा बॉल हिसकावला गेल्यावर चारही वेळा धावत परत आला होता. हे मी वहीत पहिल्या ओळीत लिहिलं.

बॉल हातात आल्यावर तो किती वेळ गोठतो, तेही मनात मोजा. कच्चा मुलगा एक-दोन सेकंद थांबतो आणि तेवढ्यात सगळ्या वाटा बंद होतात. २४ सेकंदांच्या घड्याळात ते परवडत नाही. हा वेळ एका सामन्यापासून दुसऱ्या सामन्यापर्यंत कमी होतोय का, ते बघत राहा. फाउल होत असतील तर प्रत्येक फाउलचं कारण लिहा. पाय उशिरा पोहोचल्याने झालेला फाउल शिकवून कमी होतो. रागाने किंवा आळसाने हात टाकल्याने झालेल्यासाठी वेगळं बोलावं लागतं.

आकडे, पण स्वतः नोंदवलेले

आपल्याकडच्या स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल एवढंच मिळतं. म्हणून एखाद्या ज्युनिअरला वही देऊन बसवा: किती शॉट मारले, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) किती, रिबाउंड, टर्नओव्हर (बॉल गमावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), स्टील (बॉल हिसकावणं) आणि किती मिनिटं खेळला.

मग मिळालेल्या संधींचे किती पॉइंट झाले हे सांगणारा एक साधा हिशोब करा. मारलेल्या शॉटमध्ये फ्री थ्रोंची ०.४४ पट मिळवा, येणाऱ्या आकड्याची दुप्पट करा आणि पॉइंटना त्याने भागा. एका मुलाने १४ शॉट आणि ६ फ्री थ्रो घेऊन १८ पॉइंट काढले: १४ अधिक २.६४ म्हणजे १६.६४, दुप्पट ३३.२८, उत्तर सुमारे ५४ टक्के. दुसऱ्याने २२ काढले, पण २४ शॉट आणि ४ फ्री थ्रो खर्चून. त्याचं उत्तर ४३ टक्क्यांच्या आत येतं. दुसऱ्या दिवशी बातमीत नाव दुसऱ्याचं येईल, पण संघाला पहिला हवा.

स्टील आणि ब्लॉक ४० मिनिटांच्या हिशोबात आणा. १६ मिनिटांत २ ब्लॉक म्हणजे ४० मिनिटांना ५. नवख्या मुलात हे आकडे मला पॉइंटपेक्षा जास्त बोलके वाटतात, कारण त्यात उडीबरोबर वेळेचा अंदाजही लागतो.

शूटिंगबाबत एक सूचना. सध्या बाहेरून बॉल पडत नाही म्हणून मुलाला कायमचं बाद करू नका, फ्री थ्रो बघा. लेनर्डचे कॉलेजातल्या दोन वर्षांत तीन पॉइंटचे शॉट २५ टक्केच पडले होते, पण फ्री थ्रो बरे होते. सॅन अँटोनियोच्या प्रशिक्षकांनी त्याच्या शॉटवर काम केलं आणि पहिल्याच व्यावसायिक हंगामात तो ३७ टक्क्यांच्या पुढे गेला. आपल्या मुलाला सरावाच्या शेवटी, दमलेला असताना, दहा-दहाच्या टप्प्यांत १०० फ्री थ्रो मारायला लावा. आकड्याबरोबर शॉट दरवेळी सारखाच सुटतो का ते बघा. सारखा सुटणारा पण हुकणारा शॉट दुरुस्त होतो.

शिकण्याचा वेग

इथवरचं सगळं आज तो काय आहे ते सांगतं. कच्च्या मुलात खरा प्रश्न असतो की तो किती वेगाने बदलतो. यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि घाईत असलेल्या निवड समितीला तो नसतो. माझ्या हातून एक मोठी चूक याच कारणाने झाली होती. एक चुणचुणीत मुलगा काहीही एकदा दाखवलं की लगेच करून दाखवायचा. मी भारावून गेलो, त्याची सगळीकडे शिफारस केली. दोन वर्षांनी तो तिथेच होता. त्याची नक्कल उत्तम होती, पण चार दिवसांनी त्यातलं काही उरायचं नाही. त्याच गटातला एक मंद वाटणारा मुलगा मी सोडून दिला होता. तो आज नोकरीत खेळतो. त्या मुलाची माफी मी नंतर मागितली.

तेव्हापासून मी असं करतो. एकच नवीन गोष्ट शिकवतो, त्याला आधी अजिबात न येणारी. आमच्या मुलाला शिकवलं ते अगदी प्राथमिक होतं: रिबाउंड घेतला की बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि पाय फिरवून मगच पास. मंगळवारी पाच मिनिटं दाखवलं. त्या दिवशी त्याला जेमतेम जमलं. तिथे मी काहीच ठरवत नाही.

दोन-तीन दिवसांनी, काहीही आठवण न देता, पुन्हा बघतो. शुक्रवारी मी कोर्टवर थोडा लवकर पोहोचलो. तो एकटाच होता. प्लास्टिकची खुर्ची गार्ड म्हणून मागे ठेवली होती. बॉल बोर्डावर मारायचा, घ्यायचा, हनुवटीखाली आणायचा आणि कोपर खुर्चीच्या पाठीला लागू न देता वळायचा. खुर्ची दोनदा पडली, त्याने उचलून परत तिथेच ठेवली. मी गेटजवळच थांबलो.

तिसरी पाहणी धक्काबुक्कीत. दोन जणांना त्याच्या अंगावर सोडा आणि बघा, शिकवलेलं टिकतं की जुनी सवय वर येते. चौथी सामन्यात, तीन-चार आठवड्यांनी. त्यानंतरच्या सामन्यात त्याच्याकडून बॉल फक्त एकदा हिसकावला गेला. महिनाभरापूर्वी तो आकडा अर्ध्या तासात चार होता. हा फरक माझ्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

शेवटी त्याला सांगा, हेच एका ज्युनिअरला शिकव. ज्याला कळलंय तो स्वतःच्या शब्दांत सांगतो. ज्याने पाठ केलंय तो तुमचीच वाक्यं म्हणतो. आणि चूक दाखवल्यावर जो घाईघाईने "हो सर, हो सर" म्हणतो त्यापेक्षा "सर, पण तेव्हा गार्ड डावीकडून आला तर?" असं विचारणारा मुलगा मला पुढे जाताना जास्त वेळा दिसला आहे.

कोर्टबाहेरचे बावीस तास

मुलगा सुस्त वाटतोय? आधी विचारा, झोपतो किती. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, लेक्चर, सराव, रात्रीच्या गर्दीतून घर. प्रवासातच तीन तास जातात आणि झोप सहा तासांच्या वर जात नाही. दुपारी काय खातो विचारलं तर उत्तर दोन वडापाव. अशा मुलाची चौथ्या क्वार्टरमधली दमछाक ही त्याच्या खेळाची मर्यादा म्हणून लिहू नका. डबा, अंडी किंवा डाळ-दूध, आठवड्यातले दोन दिवस प्रवास वाचेल अशी सरावाची वेळ, एवढं करून दोन महिन्यांनी वजन आणि चौथा क्वार्टर पुन्हा बघा. आमच्या मुलाचं वजन तीन किलोंनी वाढलं.

घरीही जा. आई-वडील आणि भावंडांची उंची दिसते, त्यावरून वाढ अजून बाकी आहे का याचा अंदाज येतो. घरात खेळाबद्दल काय बोललं जातं तेही कळतं.

लेखी मत

हे सगळं झालं की एक पान लिहा. सगळं जमून आलं तर कुठवर जाईल, बहुधा कुठवर जाईल, आणि कशामुळे अडेल. पुढच्या सहा महिन्यांत आलीच पाहिजेत अशी दोन कौशल्यं आणि पुन्हा तपासायची तारीख. आमच्या मुलाच्या पानावर होतं: राज्याच्या संघात डिफेन्स करणारा विंग होऊ शकतो. डाव्या हाताने दोन ड्रिबल आणि कोपऱ्यातला तीन पॉइंटचा शॉट आला नाही तर अडेल. हे पान मुलाला वाचायला द्या. त्याच्याबद्दल काय मत आहे हे कळण्याचा हक्क सगळ्यात आधी त्याचा आहे.

त्याच्या घरी मी ते पान वाचून दाखवलं तेव्हा आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, "सर, नोकरी लागेल ना?"

मी म्हटलं, "ताई, नक्की असं मी सांगणार नाही. दोन वर्षांत राज्याच्या ट्रायलला टिकेल असं आज वाटतं. नाही टिकला तर पदवी हातात हवी. टीवाय सुटता कामा नये, त्यासाठी सरावाची वेळ मी बदलतो. जानेवारीत पुन्हा बघू, आणि मला काही वेगळं दिसलं तर तेही स्पष्ट सांगेन."

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाचं शेवटचं पान उलटून बघितलं आणि विचारलं, "जानेवारीत किती तारखेला?"